भात सोडला तरी साखर का उतरत नाही?

ऐरोलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देत आहोत :

‘माझ्या मिस्टरांचं वय ४८, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. दीड वर्षापूर्वी डायबेटिस निघाला. सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम आणि दोन वेळा मेटफॉर्मिन ५०० चालू आहे. मागच्या महिन्यातले रिपोर्ट : उपाशीपोटी १५६, जेवणानंतर २३८, एचबीएवनसी ८.४. ते पावणेआठला घर सोडतात, ठाण्याला गाडी बदलून परळला जातात. सकाळी चहा आणि चार बिस्किटं, डब्यात चार पोळ्या आणि भाजी, बहुतेक वेळा बटाट्याची. संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव. घरी यायला सव्वानऊ, पावणेदहाला जेवण. आधी दोन भाकऱ्या आणि वरण-भात असायचा. दोन महिन्यांपूर्वी भात पूर्ण बंद केला, आता तीन ज्वारीच्या भाकऱ्या आणि भाजी खातात. सकाळी कारल्याचा रसही घेतात. तरी साखर हलत नाही. रात्री भात नसताना सकाळची साखर एवढी कशी? शिवाय आठवड्यातून दोन-तीनदा साडेअकराच्या सुमारास त्यांना थरथरतं, घाम फुटतो. ते म्हणतात, गाडीतल्या गर्दीचा थकवा आहे. संकष्टी ते सोडत नाहीत. सासूबाई म्हणतात, भाताशिवाय जेवण कसलं! आणि गणपतीत मोदकांचं काय करायचं?’

ताई, भाताचं नंतर बघू. आधी ते साडेअकराचं थरथरणं. गर्दीचा थकवा गाडीतून उतरल्यावर कमी होतो, दीड तासाने घाम फोडून वर येत नाही. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही, हे ती बघत नाही. ती घेऊन मिस्टर चार बिस्किटांवर घराबाहेर पडतात, जिने चढतात, गाडीत उभे राहतात. बिस्किटांची साखर तासाभरात वर जाऊन खाली येते, गोळीचं काम मात्र चालूच असतं. थरथर, घाम, धडधड, एकदम लागलेली भूक, उगाच चिडचिड ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत. साखर खरंच उतरली आहे का, हे तर्काने ठरवू नका. ग्लुकोमीटर ऑफिसच्या बॅगेत ठेवायला सांगा आणि त्या वेळी बोटाला टोचून आकडा लिहून ठेवा. ७० च्या खाली आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. गोळीची मात्रा किंवा गोळीच बदलावी लागेल. हे त्यांनीच करायचं, आपण घरी गोळी अर्धी मोडायची नाही. आकडा ७० च्या वर असला तरी त्रास पुन्हा पुन्हा होतोय, हे त्यांच्या कानावर घाला.

त्या क्षणी काय करायचं हेही पाठ हवं. तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्धा ग्लास पाण्यात ढवळून प्यायची. म्हणजे साधारण १५ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की पोळी-भाजी, फुटाणे असं काहीतरी टिकणारं खायचं. चॉकलेट त्या वेळी कामाचं नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पेढा, बर्फी यांचंही तसंच. साखरेची पुडी शर्टाच्या खिशात हवी, कारण कुर्ल्याच्या अलीकडे गाडी अडकली किंवा दोन स्टेशनांच्या मध्ये उभी राहिली तर रॅकवरच्या बॅगेपर्यंत हात पोचत नाही. माणूस गुंगीत असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ ला फोन करावा.

आता यातून पुढची साखळी बघा. साखर उतरली की मेंदू अन्न मागतो, आणि त्या भुकेला अंदाज नसतो. मग एकला चार पोळ्या आणि बटाटा कमीच वाटतो. दुपारी ग्लानी येते, साडेपाचला पुन्हा काहीतरी हवं वाटतं, वडापाव होतो, आणि रात्री पावणेदहाला दिवसातलं सगळ्यात मोठं ताट. जेवून तासाभरात झोप. तुमच्या घरात भाताइतकाच, किंबहुना त्याहून मोठा घोटाळा दिवसाच्या मांडणीचा आहे : सकाळ रिकामी आणि रात्र भरलेली. आमचा सगळा सल्ला ही मांडणी उलटवण्याचा आहे.

तरी भाताचा हिशेब करून टाकू, कारण दोन महिने तुम्ही त्यासाठी घरात वाद घातले असणार. दीडशे मिलिलिटरची आपली आमटीची वाटी सपाट भरून भात घेतला तर त्यात साधारण ३० ग्रॅम पिष्ट (कार्बोहायड्रेट) असतं. ज्वारीची एक भाकरी ६० ग्रॅम पिठाची धरली तर त्यात ४० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पूर्वीच्या दोन भाकऱ्या आणि भात दोन वाट्या धरला तर मिळून १४० ग्रॅम. आताच्या तीन भाकऱ्यांचे १२०. एवढी उपासमार करून फरक वीस ग्रॅमचा. ज्वारीत तंतू जास्त, ती सावकाश पचते, हे खरं. पण सावकाश असली तरी शेवटी ती रक्तात साखर म्हणूनच येते. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत भारतीयांच्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के वाटा पिष्टमय पदार्थांचा आढळला. नुसता पांढरा तांदूळ काढून त्या जागी तेवढंच गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणल्याने धोका कमी होत नाही, एकूण पिष्ट कमी व्हावं लागतं, हेही त्यात दिसलं. आगरी-कोळी शेजाऱ्यांकडून तांदळाची भाकरी येत असेल तर ती तर भाताचीच बहीण.

आणि एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली नसेल. भात गेला तेव्हा वरणही गेलं. भाकरी भाजीशी खाल्ली जाते, वरण भातावर पडतं. म्हणजे रात्रीच्या ताटातलं होतं नव्हतं तेवढं प्रथिन तुम्ही काढून घेतलंत. त्यामुळे सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे : एक वाटी भात परत आणा, पण दाट वरण दीड वाटी, आणि त्या दिवशी भाकरी नाही. भाकरी हवी असेल तर एक, आणि भात नाही. दोन्ही एकत्र नको. सासूबाईंचं उरलेलं अर्धं, म्हणजे डोंगर करून वाढणं, तेवढं सोडायला सांगा. कुकरऐवजी भरपूर पाण्यात शिजवून पेज काढली की भातातली साखर जाते, अशी जाहिरात तुम्ही पाहिली असेल. थोडं पिष्ट जातं, उरतं ते भरपूर. त्यासाठी खास भांडं विकत घेऊ नका.

सकाळची साखर १५६ येते, तिची दोन कारणं. पहिलं, पहाटे शरीर स्वतःच जागं व्हायची तयारी करतं. कॉर्टिसोल, ग्रोथ हॉर्मोन अशी संप्रेरकं वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. डायबेटिस नसलेल्या माणसात इन्सुलिन त्याला आवर घालतं, इथे ते कमी पडतं. त्यामुळे रात्री काही न खाताही सकाळचा आकडा वर दिसू शकतो. दुसरं, पावणेदहाचं १२० ग्रॅम पिष्ट आणि लगेच आडवं होणं. पहिल्यावर मुख्यत्वे मेटफॉर्मिन आणि पोटाचा घेर कमी होणं काम करतं. दुसरं तुमच्या हातात आहे. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घ्यायची. रिकाम्या पोटी घेतली की मळमळ, जुलाब होतात आणि मग माणूस गुपचूप ती टाळायला लागतो. मिस्टर रात्रीची गोळी खरंच घेतात का, हे एकदा पाकिटातल्या गोळ्या मोजून बघा. संशय म्हणून नव्हे, डॉक्टर मात्रा वाढवण्याआधी हेच विचारतील म्हणून.

आता सकाळ. सव्वासातला ताटात पिष्ट ३०-३५ ग्रॅम आणि प्रथिन १२ ग्रॅमच्या वर एवढं आलं की साडेअकराचं प्रकरण निम्मं तरी शांत व्हायला हवं. सर्वांत सोपं मुगाचं धिरडं. माणशी अर्धी वाटी कोरडे हिरवे मूग, म्हणजे साधारण ६० ग्रॅम, रात्री भिजत घाला. सकाळी आलं, मिरची, जिरं घालून वाटा. रात्रीच वाटून ठेवायचं असेल तर फ्रिजमध्येच. आपल्याकडच्या दमट हवेत ओट्यावर ठेवलेलं पीठ सकाळपर्यंत आंबून फसफसतं. पालक किंवा किसलेला दुधी घालत असाल तर मीठ अगदी शेवटी, तव्यावर घालायच्या आधी, नाहीतर भाजीला पाणी सुटून पीठ पातळ होतं आणि धिरडं उलटताना फाटतं. फाटतंय म्हणून तांदळाची पिठी किंवा रवा घालायचा मोह होतो. तिथेच सगळं बिघडतं; दोन चमचे म्हणता म्हणता अर्धी वाटी जाते. पीठ दाट ठेवा, तवा नीट तापू द्या, एका धिरड्याला अर्धा चमचा तेल पुरतं.

रोज मूग नकोत. दोन अंड्यांची पोळी किंवा भुर्जी आणि एक पोळी चालेल. पोहेही चालतील, पण त्यांचं प्रमाण बदलून : माणशी ४० ग्रॅम कोरडे पोहे, बटाटा नाही, त्याऐवजी मूठभर मटार आणि कांदा, वर अर्धी वाटी मोड आलेल्या मटकीची उसळ, थोडे शेंगदाणे. नुसते पोहे ‘हलके’ म्हणून डिशभर खाणं म्हणजे शंभर ग्रॅम कोरड्या पोह्यांमागे ७५ ग्रॅमच्या वर पिष्ट खाणं. इडली, उपमा, शेवया यांचंही तेच. मिसळ मात्र आपण उगाच बदनाम केली आहे. घरची, कमी तेलाच्या कटाची, फरसाण चमचाभर, पाव एक, अशी मिसळ पोह्यांपेक्षा बरी. ठाण्यात बाहेर खाल्ली तर तर्री आणि दुसरा पाव बाजूला ठेवायचा. चहा दोनच वेळा, साखरेशिवाय. एकदम जमत नसेल तर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जीभ महिन्याभरात ऐकते. गूळ, मध, खडीसाखर, ब्राउन शुगर यांच्यात रक्ताला काही फरक कळत नाही. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटांत मैदा असतोच.

पहिले आठ-दहा दिवस स्वयंपाकघरात वजनकाटा वापरा. पीठ, पोहे, डाळ कोरडी मोजायची. नंतर हाताला अंदाज येतो. घरोघरच्या वाट्या आणि भाकऱ्या सारख्या नसतात, म्हणून ‘एक वाटी’ या सल्ल्यावर आमचा स्वतःचाही फारसा विश्वास नाही. तुमची भाकरी ८० ग्रॅम पिठाची निघाली तर वरचा सगळा हिशेब बदलेल.

डब्यात चारऐवजी दोन घडीच्या पोळ्या किंवा तीन लहान फुलके. घडीची एक पोळी ३५-४० ग्रॅम कणकेची असते, तिच्यात २५ ग्रॅमच्या आसपास पिष्ट आणि वर तेलही. कमी केलेल्या दोन पोळ्यांची जागा रिकामी ठेवलीत तर चौथ्या दिवशी ऑफिसच्या कँटीनमधून समोसा येईल. ती भरा : एक वाटी उसळ, दीड वाटी फळभाजी किंवा पालेभाजी, काकडी-टोमॅटो चिरून. दुधी, दोडका, भेंडी, फरसबी, कोबी, पडवळ, गवार, मेथी, माठ हे हवं तेवढं. बटाटा, रताळं, सुरण हे भाजीच्या नव्हे, पोळीच्या खात्यात धरायचं. बटाट्याची भाजी असेल त्या दिवशी एक पोळी कमी. एक जपा : उसळीत ओलं खोबरं घालून सकाळी साडेसातला डबा भरला तर एप्रिल-मेमध्ये एक वाजेपर्यंत ती आंबते आणि सगळा डबा टाकावा लागतो. सुकं खोबरं किंवा दाण्याचं कूट वापरा, आणि उसळ वाफ जाऊ देऊन मगच झाकण लावा. अकराला ताकाबरोबर मूठभर फुटाणे, सालासकट.

डबा उघडला की आधी काकडी, मग उसळ आणि भाजी, शेवटी पोळी. अन्न तेच, नुसता क्रम बदलला तरी जेवणानंतरची साखरेची उसळी कमी होते, कारण तंतू आणि प्रथिनं आधी गेल्यावर जठर पुढचं अन्न सावकाश सोडतं. याला पैसा लागत नाही, वेळही लागत नाही. आम्हाला हा उपाय कारल्याच्या रसापेक्षा कितीतरी आवडतो.

रात्रीचं जेवण सव्वानऊच्या आत शक्य नाही, हे उघड आहे. ‘सातला जेवा’ असं लिहिणाऱ्यांनी संध्याकाळची ठाण्याची गाडी पकडून बघावी. म्हणून जेवणाचे दोन तुकडे करा. दुसऱ्या लहान डब्यात एका पोळीची गुंडाळी द्या : आत अंड्याची भुर्जी, पनीर किंवा कोरडी मटकी. ऑफिस सुटताना, सहा-साडेसहाला, ती खायची. वडापावची वेळही तीच असते, त्यामुळे तो आपोआप मागे पडतो. एका वडापावात पाव, बटाटा आणि बेसन मिळून ४० ग्रॅमच्या आसपास पिष्ट, आणि तळणीचं तेल वेगळं. पंधरवड्यातून एकदा खाल्ला म्हणून काही बिघडत नाही. तो ‘मधलं खाणं’ नसून जेवण आहे, एवढं समजून घ्या. मग घरी आल्यावर भूक आवाक्यात असते. ताटात दाट वरण किंवा आमटी दीड वाटी, भाजी दोन वाट्या आणि एक वाटी भात किंवा एक भाकरी. मासे खात असाल तर तुमच्या भागात चंगळच आहे : बांगडा, मांदेली, ओले बोंबील. फक्त रव्यात घोळून तळू नका, रवा तेल पितो. हळद-तिखट-आगळ लावून तव्यावर एक चमचा तेलात भाजा, किंवा सार करा. महिन्याला माणशी अर्धा लिटर तेल ही मर्यादा धरली की डबा किती दिवस पुरला यावरूनच कळतं.

जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं. सकाळी पाच वाजता उठून फिरायला जा, असं आम्ही त्यांना सांगणार नाही, झोप आधीच कमी आहे आणि गोळी घेऊन रिकाम्या पोटी जोरात चालणं त्यांच्यासाठी धोक्याचं आहे. चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर उचलतात. नेमकी जेवणानंतर, साखर चढत असताना हे झालं तर फायदा जास्त. दुपारी डबा खाऊन दहा मिनिटं, रात्री सोसायटीच्या आवारात पंधरा मिनिटं, असं केलं की आठवड्याचं दीडशे मिनिटांचं लक्ष्य रविवार न मोजताच पार होतं. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस असला तर इमारतीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या. जिने चालतील, गुडघे दुखत नसतील तर. आठवड्यातून तीनदा स्नायूंसाठी काहीतरी : खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दहा दंड, टाचा उचलणं वीस वेळा, हे सगळं दोनदा. बारा मिनिटं लागतात. चालताना छातीत जड वाटलं, दम नेहमीपेक्षा जास्त लागला तर थांबायचं आणि हृदयाची तपासणी आधी. वजनात पहिलं लक्ष्य चार किलोचं, म्हणजे पाच टक्के. कंबर बेंबीच्या पातळीवर मोजा. पुरुषांमध्ये ती ९० सेंटिमीटरच्या आत हवी.

यातलं काय लागू पडतंय हे मीटर सांगेल, पण रोज फक्त उपाशीपोटी टोचून घेण्याने पट्ट्या संपतात आणि काही कळत नाही. जोडीने तपासा : जेवणाच्या पहिल्या घासाआधी एक, आणि त्याच घासापासून बरोबर दोन तासांनी दुसरी. आज नाश्ता, परवा डबा, रविवारी रात्रीचं जेवण. दोन तासांनंतरचा आकडा १८० च्या आत हवा, आणि दोन आकड्यांत ५० पेक्षा जास्त फरक पडला तर त्या ताटातलं पिष्ट अजून जास्त आहे, असा आमचा कामचलाऊ अंदाज. भात चालतो की भाकरी, याचं तुमच्या घरापुरतं उत्तर दोन रविवारांत मिळेल : एका रविवारी एक वाटी भात आणि दीड वाटी वरण, दुसऱ्या रविवारी एक भाकरी आणि तेवढंच वरण, बाकी सगळं तसंच. टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा; फळ चिरलेल्या बोटाने २०-३० आकडे सहज वाढतात. बोटाच्या टोकाला नव्हे, कडेला टोचा. पट्ट्यांची बाटली लगेच बंद करा, त्या दुसऱ्या डबीत काढून ठेवू नका. पावसाळ्यातल्या ओलसर हवेने पट्ट्या बिघडतात आणि आकडे वाटेल तसे येतात.

एचबीएवनसी ८.४ म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर १९० च्या पुढे. बदल सुरू केल्यावर तीन महिन्यांनीच ती पुन्हा करा, दर महिन्याला करून उपयोग नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर हा आकडा फसवतो, म्हणून त्याच वेळी सीबीसीही करून घ्या. बहुतेकांसाठी लक्ष्य ७ च्या आतलं असतं, पण साखर वारंवार उतरत असेल तर डॉक्टर ते सैल ठेवतील. जेवण सुधारलं की हीच ग्लिमेपिराइड जास्त होऊ शकते, म्हणून तीन महिने थांबू नका. पंधरा दिवसांचे आकडे लिहून त्यांना दाखवा.

कारल्याचा रस बंद केलात तरी चालेल. थोडासा परिणाम असेलही, पण ग्लिमेपिराइडच्या जोडीला रिकाम्या पोटी कारलं म्हणजे साडेअकराच्या त्रासात भरच. कारल्याची भाजी खा, आनंदाने. दुधीचा रस घेत असाल तर एक ध्यानात ठेवा : चव कडू लागली तर घोटभरही पिऊ नका, तो विषारी ठरतो. मेथीचे दाणे, जांभूळ-बियांची पूड हे औषधाच्या जागी नको.

संकष्टीला मुद्दा श्रद्धेचा नाही, गोळीचा आहे. चंद्रोदय बहुतेक वेळा रात्री नऊच्या आसपास किंवा नंतर. तोवर चहावर राहणं आणि पोटात ग्लिमेपिराइड, हे जुळत नाही. त्या दिवशी गोळी घ्यायची की नाही, किती घ्यायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. निर्जळी नकोच. शंभर ग्रॅम साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर पिष्ट आणि प्रथिन जवळपास शून्य. डिशभर खिचडी म्हणजे रात्रीच्या दोन वाट्या भाताइतकं. त्याऐवजी सकाळी राजगिऱ्याची एक भाकरी आणि दही, दुपारी मूठभर शेंगदाणे आणि एक पेरू, संध्याकाळी लहान वाटी वरीचा भात दाण्याच्या दाट आमटीबरोबर. मीटर जवळ हवा. ७० च्या खाली गेली तर उपास तिथेच सोडायचा.

फळं एका वेळी एकच, चावून, रस काढून नाही. पेरू, पपई, जांभळं, संत्रं, सफरचंद चालतील. केळं लहान, नाश्त्यातली पोळी कमी करून. मे महिन्यात मध्यम हापूसचा अर्धा, जेवणानंतर नव्हे तर चारच्या सुमारास. आमरस-पुरीला आमच्याकडे सवलत नाही.

तुम्ही लिहिलेलं नाही, तरी : मिस्टर कधी मद्य घेत असतील तर ग्लिमेपिराइडसोबत ते रात्री उशिरा, झोपेत साखर उतरवू शकतं. रिकाम्या पोटी अजिबात नको, आणि डॉक्टरांना खरं सांगा.

पाय रोज रात्री बघा, तळवे आणि बोटांच्या बेचक्या. पावसाळ्यात ओल्या बुटांत दिवसभर राहिलं की बेचक्यात बुरशी धरते आणि तिथून जखम सुरू होते. ऑफिसमध्ये मोज्यांचा एक कोरडा जोड ठेवायला सांगा. साचलेल्या पाण्यातून आल्यावर साबणाने पाय धुऊन बेचक्या टिपून कोरड्या करायच्या. टाचांना तेल किंवा क्रीम लावा, बोटांच्या मध्ये नको. गरम पाण्याचा शेक नाही, संवेदना कमी झाली असेल तर भाजल्याचं कळत नाही. वर्षातून एकदा डोळ्यांत थेंब घालून पडद्याची तपासणी, लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि मेटफॉर्मिन चालू असेपर्यंत बी-१२. दीड वर्षात यातलं काही झालं नसेल तर या महिन्यात सगळं एकदम करून घ्या. डोळ्यांच्या तपासणीनंतर काही तास धूसर दिसतं, म्हणून त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

आणि मोदक. उकडीच्या एका मध्यम मोदकात पारी आणि गुळाचं सारण मिळून साधारण २५ ग्रॅम पिष्ट आणि साखर, म्हणजे वाटीभर भाताला थोडं कमी. गणेश चतुर्थीला दुपारच्या ताटात भात आणि पोळी दोन्ही वजा करून, आधी उसळ, कोशिंबीर, आळूची भाजी खाऊन, शेवटी एक मोदक, साखर नेहमी ताब्यात असेल तर दोन. तुपाची धार चालेल, चमचाभर. नंतर वीस मिनिटं चालायला आरास बघण्याचं निमित्त आहेच. रात्री प्रसादाचा उरलेला मोदक मात्र सासूबाईंनी दुसऱ्या कुणाला तरी द्यावा.